जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातले फार्म प्लॉट : कागद, पाणी आणि बांध बघून केलेली पारख

बेळगावहून पिरनवाडी ओलांडली, की किणयेपासून थेट कणकुंबीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना बोर्डांची रांग लागते. फार्म प्लॉट, वीकेंड होम, ५ गुंठे, १० गुंठे, क्लिअर टायटल, सुलभ हप्ते. बेळगाव शहरातले, गोव्याचे, पुण्या-हुबळीकडचे लोक शनिवारी गाडी काढून येतात, कमानीखाली फोटो घेतात आणि त्याच दिवशी टोकन देऊन जातात. ही पारख कुठल्या एका कंपनीची नाही. या पट्ट्यात जो माल विकला जातो त्याची आहे, कारण बोर्डावरचं नाव बदललं तरी आतला माल तोच: डांबरी रस्त्यापासून आत नेलेला मुरमाचा रस्ता, कमान, सिमेंटच्या पट्ट्यांचं कंपाउंड, ओळीनं लावलेली आंब्या-चिकूची रोपं, एक बोअर आणि लोखंडी स्टँडवर काळी टाकी.

५ पैकी २ गुण. इथल्या हवेला आणि झाडीला पैकीच्या पैकी द्यावेत, पण ती विकणाऱ्याची नव्हे. तो विकतो कागद, वाट आणि पाणी. त्यातला कागद बहुतेक ठिकाणी अर्धवट असतो. वाट आणि पाणी तर गावाचंच असतं, पैसे मात्र दुसऱ्याच्या खिशात जातात.

कागदापासून सुरुवात करू. कर्नाटकात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यावर निर्बंध होते. जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं २०२० साली रद्द झाली आणि शहरातला पैसा सरळ खानापूर तालुक्यातल्या इथल्या माळावर उतरला. आता शेतकरी नसलेल्यालाही जमीन घेता येते, हे खरं. पण घेता येते म्हणून तिथं हवं ते बांधता येतं असं नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथंच होते. शेतजमीन बिगरशेती करायची तर १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आदेश नसेल तर शेतकऱ्याला स्वतःच्या वापरासाठी फार्महाऊस बांधायची मुभा आहे, तीही धारण जमिनीच्या १० टक्क्यांपर्यंत. १० गुंठ्यांच्या प्लॉटवर हे १ गुंठा होतं, म्हणजे १,०८९ चौरस फूट. शिवाय असं फार्महाऊस व्यवसायासाठी भाड्यानं देता येत नाही. म्हणजे ब्रोशरमध्ये छापलेलं "तुम्ही नसाल तेव्हा आम्ही होमस्टे चालवू, दरमहा उत्पन्न मिळेल" हे वाक्य बिगरशेती आदेशाशिवाय उभंच राहत नाही. होमस्टे चालवायचा तर पर्यटन खात्याकडं नोंदणी आणि पंचायतीचा दाखला वेगळा. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा आहे का? असेल तर पंचायतीतल्या मालमत्तेच्या नोंदीचे ९ नंबर आणि ११-अ नंबरचे उतारे प्लॉटवार निघतात, आणि तेच पाहायला मागावेत. "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर आलं, तर नाही असं समजून पुढचं बोलावं.

बिगरशेती नसलेल्या स्कीममध्ये विकतात ते असं. ४ एकरांचा सर्व्हे नंबर, म्हणजे १६० गुंठे. रस्ते आणि कमान सोडून १४ प्लॉट पडतात. जमिनीवर चुन्याच्या रेघा आणि कोपऱ्यावर रंगवलेले दगड दिसतात, पण महसूल दप्तरात ते प्लॉट नसतातच. १४ जणांची नावं एकाच उताऱ्यावर सामाईक चढतात आणि प्रत्येकापुढं फक्त क्षेत्र लिहिलेलं असतं. कुणाचा तुकडा कुठला, हे सरकारला माहीत नसतं. पुढं एखाद्याला कर्ज काढायचं असो, विकायचं असो की वाटणी करून घ्यायची असो, बाकीच्या १३ जणांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. त्यातला एक परदेशात असतो, एकाचं निधन होऊन वारसाचा वाद सुरू झालेला असतो, आणि एकाचं शेजाऱ्याशी कंपाउंडवरून वाजलेलं असतं. यावर उपाय एकच: खरेदीआधी आपल्या तुकड्याचा ११-ई नकाशा. मोजणी खात्याचा भूमापक येऊन तुकडा मोजतो आणि नकाशा काढतो. मग नोंदणी आणि फेरफार त्याच नकाशावर होतात. याला वेळ लागतो, म्हणून विकणारे टाळतात. खरेदीदारानं टाळू नये.

जमिनीचा महसुली उतारा हातात आला की नावावरच थांबू नये. वरच्या अंगाला क्षेत्राच्या रकान्यात खराब्याचा आकडा असतो. त्यात अ-खराब आणि ब-खराब असे दोन प्रकार असतात. अ-खराब म्हणजे लागवडीला न येणारी, खडकाळ वगैरे जमीन. ब-खराब म्हणजे सार्वजनिक वापराची: नाला, गाडीवाट, स्मशानवाट. ब-खराब विकता येत नाही. तरीही मुरमाचा भराव टाकून ती प्लॉटात ओढलेली असते आणि तिचे पैसे गुंठ्याच्या भावानं घेतलेले असतात. उताऱ्यावर ४ एकर आणि ब-खराब ६ गुंठे असतील, तर नाला कुठून जात होता ते विचारावं, नाला आज दिसत नसला तरी. गावचा जुना नकाशा मागवून त्यातल्या तुटक रेघा बघाव्यात. तीच जुनी वाट. याच उताऱ्यावर ९ नंबरच्या रकान्यात मालक, ११ मध्ये बोजा, कर्ज आणि कोर्टाचे मनाई हुकूम, १२ मध्ये कसणारा आणि पीक. १२ मध्ये गेली दहा वर्षं भात किंवा रताळी दिसत असतील आणि विकणारा जमिनीला "पडीक" म्हणत असेल, तर बाकीच्या बोलण्यावरही तेवढाच विश्वास ठेवावा.

आणखी दोन गोष्टी इथं हमखास अडतात. एक, बहिणींच्या सह्या. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर त्यात शंकेला जागा उरलेली नाही. नंदगडला किंवा चंदगडला दिलेल्या बहिणीची सही नसलेलं खरेदीखत पुढं कोर्टात जातं. दुसरं, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारनं दिलेली जमीन. १९७८ च्या कायद्यानं अशी जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि विकली तरी परत घेतली जाते. त्यासाठी मूळ फेरफार काढून जमीन मालकाकडं कशी आली ते वाचावं लागतं. दस्त सगळे कन्नडमध्ये असतात. विकणाऱ्याच्या बॉन्ड रायटरनं, म्हणजे दस्त लिहिणाऱ्यानं, "सगळं बरोबर आहे" म्हटल्यावर सही करण्याऐवजी, आपल्या ओळखीच्या कन्नड येणाऱ्या माणसाकडून खरेदीखत ओळ न् ओळ वाचून घ्यावं, विशेषतः चतुःसीमा. पूर्वेला कोण आणि पश्चिमेला काय, हे चुकलं तर दुरुस्तीखताला पुन्हा तेवढीच माणसं जमवावी लागतात.

या पट्ट्याजवळच भीमगड अभयारण्य आहे. ते २०११ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. अभयारण्यालगतच्या संवेदनशील पट्ट्यात बांधकामावर आणि व्यवसायावर बंधनं असतात. सर्व्हे नंबर देऊन वनखात्याच्या रेंज ऑफिसातून लेखी उत्तर घ्यावं. तोंडी उत्तराला किंमत नाही. "जंगल व्ह्यू" असं लिहिलेल्या प्लॉटसाठी तर हे पहिलं काम. अस्वल आणि गवे इथं नेहमीचे आहेत. म्हणून काट्याच्या तारांपेक्षा जनावर दिसेल आणि जनावरालाही दिसेल असं मोकळं कुंपण बरं, आणि काजूच्या हंगामात रात्री अंगणात खरकटं ठेवू नये.

आता पाणी, आणि इथं जरा थांबायला हवं. कणकुंबीत बेळगाव शहराच्या तिपटीहून जास्त पाऊस पडतो. जुलैत प्लॉट बघायला आलेल्या माणसाला इथं पाणी कमी पडेल हे पटतच नाही. पण जमीन जांभ्याची आहे. जांभा चाळणीसारखा. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरते आणि मार्च-एप्रिलात तळ दिसतो, कारण पाणी खालच्या नाल्याला झिरपून निघून गेलेलं असतं. जांभ्याखाली मऊ, साबणासारखी माती लागते आणि त्याखाली कठीण खडक. बोअर मारणारा केसिंगचे, म्हणजे बोअरच्या भिंतीला आतून बसवायच्या पाइपचे, पैसे वाचवायला तो पाइप त्या मऊ थराच्या मध्येच थांबवतो. मग दोन गोष्टी घडतात. माती ढासळून बोअर गाळानं भरतो आणि मोटर अडकते. दुसरी गोष्ट गेटच्या बाहेर घडते. केसिंग अपुरं असलेल्या बोअरमधून वरच्या जांभ्यातलं पाणी खालच्या खडकाच्या फटींत उतरत राहतं. म्हणजे २५-३० फुटांच्या गावविहिरीला जे पाणी मे महिन्यापर्यंत पुरवून वापरायचं होतं, ते फेब्रुवारीतच खाली निघून जातं. केसिंग कठीण खडकात निदान ५-१० फूट आत बसवलेलं आणि वरून सिमेंटनं बंद केलेलं असावं. बिल मागून केसिंगची लांबी बघावी.

पाण्याची परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावी, त्याआधी नाही. मोटर सलग ४ तास चालवायला लावावी आणि शेवटच्या अर्ध्या तासात २०० लिटरचं बॅरल भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघावं. ४ मिनिटांत भरलं तर तासाला ३,००० लिटर. आता हिशोब. १४ घरं, शनिवार-रविवारी प्रत्येकी ८ माणसं, शहरी सवयीनं माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला १५,००० लिटर. प्रत्येक घरापुढं २,००० चौरस फुटांची हिरवळ ठेवली तर उन्हाळ्यात तिला दिवसाला ९०० लिटरच्या पुढं लागतात, सगळी मिळून १३,०००. झाले २८,०००. हा बोअर नऊ तासांहून जास्त चालायला हवा. शेतीच्या फीडरवर हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, थ्री-फेज मिळते ती ७ तास. म्हणजे हिरवळ गेली, किंवा टँकर आला. टँकर येतो तो शेजारच्याच गावच्या विहिरीतून.

त्यात स्विमिंग पूल. २० बाय १० फुटांचा, ४ फूट खोल छोटा पूलसुद्धा साडेबावीस हजार लिटरच्या वर जातो. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरलेले आहेत. एक पूल एकदा भरला की ४०० माणसांचं एका दिवसाचं पाणी गेलं. या माळावरच्या कित्येक वाड्यांत ४०० माणसं नाहीत. गाळणी यंत्र लावून तेच पाणी हंगामभर फिरवलं तर वेगळं, पण भाड्यानं देणारे दर आठवड्याला उपसून नाल्यात सोडतात, क्लोरीनसकट. पूल असलेला प्लॉट घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याउलट छपराचं पाणी कुणी धरत नाही. १,००० चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९,००० लिटरच्या वर पाणी येतं, आणि या भागात १०० मिलिमीटर म्हणजे जुलैतला एखादा दिवस. ४०-५० हजार लिटरची टाकी जमिनीत बांधली, पहिल्या दोन सरी बाहेर सोडल्या आणि वाळू-खडीच्या गाळणीतून बाकीचं आत घेतलं, तर दोन-चार माणसांचा स्वयंपाक आणि पिणं उन्हाळाभर निघतं. घराच्या खर्चात ही टाकी धरलेली स्कीम असेल तर अर्धा गुण जास्त द्यावा.

ज्याचं नुकसान डोळ्यांना सगळ्यात उशिरा दिसतं ते म्हणजे बांधाचं तोंड. खालच्या अंगाची भातशेती खाचरांच्या पायऱ्यांची आहे. वरच्या खाचरातलं जादा पाणी बांधाला ठेवलेल्या हातभर रुंद तोंडातून खालच्या खाचरात उतरतं. त्या तोंडाशी एक सपाट दगड बसवलेला असतो, पाण्यानं गुळगुळीत झालेला, म्हणजे पडणाऱ्या धारेनं खालची माती उकरली जाऊ नये. पाणी किती ठेवायचं ते शेतकरी तिथं चिखलाचा गोळा दाबून किंवा काढून ठरवतो. वरच्या खाचरात प्लॉट पडला, दोन-तीन फूट मुरूम भरला, त्यावर कंपाउंड चढलं, की ते तोंड आणि तो दगड भरावाखाली जातात. जुलैत कंपाउंडला अडलेलं पाणी कोपऱ्यावरून वळसा घेतं आणि शेजाऱ्याचा बांध फोडून मुरमाची रेती त्याच्या लावणीवर पसरवतं. दसऱ्याच्या सुमाराला, भात फुलोऱ्यात असताना, वरून झिरपणारं पाणी मिळायला हवं तेव्हा मिळत नाही आणि दाणा पोचट राहतो. शेतकऱ्याला वाटतं बियाणं वाईट निघालं.

हे टाळणं अजिबात महाग नाही. भराव टाकण्याआधी प्रत्येक बांधाच्या तोंडाची जागा खुणावून ठेवायची, आणि त्याच पातळीला कंपाउंडखालून ६०० मिलिमीटरचा ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचा गोल पाइप, घालायचा. ३०० मिलिमीटरचा घालू नये, पहिल्याच पावसात पाचोळ्यानं तुंबतो. बाहेर पडणाऱ्या धारेखाली दगड बसवायचा. तो जुना सपाट दगडच उचलून ठेवला तर उत्तम. बाहेरून कंपाउंडला फेरी मारताना खालच्या बाजूला एकही पाइप दिसला नाही, तर त्या प्लॉटचं पहिलं भांडण पुढच्या पावसाळ्यात लागणार, हे धरून चालावं. तसंच उतारावर जेसीबीनं ८-१० फूट उभी कड कापून जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत घातलेली असेल, तर तिला पाणी जायला भोकं आहेत का बघावं. दर ५-६ फुटांवर तीन-चार इंची पाइप आणि मागं खडीचा थर लागतो. नसेल तर मागची मऊ माती भिजून फुगते आणि भिंत पोटातून पुढं येते. टेकून उभं राहून भिंतीच्या रेषेत डोळा लावला की फुगवटा लगेच कळतो.

सेप्टिक टँक पाच-सहा माणसांचा बांधतात आणि शनिवारी वीस जण उतरतात. मैला बसायला पाणी निदान एक दिवस टाकीत थांबावं लागतं. गर्दीत ते काही तासांत ढकललं जातं आणि शोषखड्ड्यात कच्चंच पोचतं. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर हवा. जांभ्यात तर त्याहून जास्त ठेवावा, कारण जांभ्याच्या पोकळ्यांतून पाणी माती-वाळूसारखं गाळलं न जाता सरळ वाहतं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि हब्बनहट्टी, असोगा, खानापूर करत पुढं सौंदत्तीजवळच्या धरणात जाते. इथल्या नाल्यात जे सोडलं जातं ते या सगळ्यांच्या पाण्यात जातं.

विजेबद्दल थोडक्यात: २५ केव्हीएच्या टीसीवर (ट्रान्सफॉर्मरवर) दहा-बारा एसी एकदम सुरू झाले की गावातल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरेनासा होतो. स्कीमचा स्वतंत्र टीसी आहे का, हेस्कॉमचं मंजुरीपत्र दाखवा म्हणावं.

गावाला काय मिळतं, हेही बघायला हवं. काही मिळतं, नाही असं नाही. गवंडी, प्लंबर, गाडीवाले यांना काम लागतं, दूध-अंडी-काजू दारात खपतात, आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत किंवा गोव्याला रोज ये-जा करणाऱ्या एखाद्या तरुणाला गावातच पगार मिळतो. पण विकली जाते ती बहुतेक माळाची जमीन, कारण मालकाला ती भाताच्या शेतापेक्षा हलकी वाटते. नाचणी आणि रताळी त्याच माळावर होतात. बेळगावच्या बाजारात इथलीही रताळी जातात. पीक निघाल्यावर अख्ख्या गावाची गुरं तिथंच चरतात. एका माळावर चार कंपाउंडं उभी राहिली की गुरांची वाट बंद होते आणि शेण कमी पडून भाताच्या शेताचं खत आटतं. म्हणजे माळ विकल्याचा फटका न विकलेल्या शेतालाही बसतो. जमीन विकणाऱ्या गावकऱ्यांना आमचं एवढंच सांगणं आहे: खरेदीखतात वहिवाटीची वाट रुंदीसकट लिहून घ्या, बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला पुरेल एवढी. तोंडी वचन पहिल्या मालकापर्यंतच टिकतं. दुसरा मालक गेटला कुलूप लावतो.

पर्यटकांच्या भरवशावर गुंतवणूक करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या भागातल्या धबधब्यांकडं जायला वनखातं पावसाळ्यात अनेकदा बंदी घालतं, आणि ब्रोशरमधला फोटो नेमका त्याच धबधब्याचा असतो. भाड्याचा हिशोब धबधब्यावर मांडू नये. रात्री १० नंतर लाउडस्पीकर कायद्यानंच बंद आहे. लावणीच्या दिवसांत पहाटे उठणाऱ्या गावाशेजारी राहायचं तर तो त्याआधीच बंद व्हावा.

मग कुणी काय घ्यावं? वर्षातले निदान चार महिने राहणार असाल, भातशेती गावातल्या माणसांकडून करवून घ्यायची तयारी असेल, तर एकर-दोन एकरांचा, स्वतंत्र ११-ई नकाशा असलेला, कंपाउंडाऐवजी निवडुंग-करवंदीची वई असलेला तुकडा घ्या. तो चांगला सौदा ठरतो. फक्त शनिवार-रविवारसाठी यायचं असेल तर प्लॉटच्या नादाला न लागता गावठाणातलं जुनं कौलारू घर बघावं. ९ आणि ११-अ चे उतारे, नळ, वीज आणि वाट असं सगळं कागदावर आधीच असतं, शेजारही असतो, आणि कुणाच्या बांधाचं तोंड बुजवावं लागत नाही. अशा घरात तीन गोष्टी तपासाव्यात. वाशांच्या टोकांना वाळवी, मातीच्या भिंतीच्या पायथ्याला ओल, आणि वळचणीचं पाणी भिंतीपासून किती लांब पडतं ते. वळचण दोन फुटांपेक्षा कमी पुढं आली असेल तर ती वाढवून घेणं हा पहिला खर्च. कौलं काढून पत्रा घालू नये, पावसाळ्यात आत बोललेलं ऐकू येत नाही आणि एप्रिलात दुपारी बसवत नाही. खानापूरची कौलं अजून टिकून आहेत. शेकड्यातली दहा-पंधरा फुटकी निघतात, तेवढीच जुन्या घरांच्या उतरवलेल्या कौलांतून मापानं जुळवून आणावीत, नवीन मापाची आणली तर खाच बसत नाही आणि गळती सुरू होते. कौलं परतणारी माणसं मे महिन्यात एकाच वेळी सगळ्यांना हवी असतात, त्यामुळं त्यांना होळीच्या आतच सांगून ठेवावं.